डॉक्टरांनी आईबद्दल विचारलं तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगते, पण मध्ये थांबवू नका. थांबले तर परत धीर व्हायचा नाही.

माझी थोरली बहीण, सुनंदाताई, पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. रंग देणारे माझ्यासारखे ढीगभर, पण डोळे ताईनेच काढायचे — आणि काढता काढता माझी टिंगल! "तुझ्या हातचा बाप्पा तिरळा व्हईल गो!" मग एका हंगामात तिच्याच हातचे डोळे वरखाली व्हायला लागले. तिला मात्र ते सरळच दिसायचे. मी गुपचूप पुसून नीट करायचे. थकली असेल, म्हणायचे.

पुढे तिला फिटचा झटका आला. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं — आईकडे कुणाला झटके, लवकर आलेलं बहिरेपण, विसराळूपणा? ताईला धड बोलता येईना. तिने माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. हिला सगळं म्हाईत हाय."

माहीत होतंच की! चाळिशीत ठार बहिरी झालेली, भात चुलीवर ठेवून विसरणारी, शेवटी झटक्यांतच गेलेली आमची आई — तिला कशी विसरेन? पण माझ्या लेकीचं रोह्याला जमत आलं होतं. मुलगा धाटावला कंपनीत, माणसं चांगली. आईकडून येणारं दुखणं आहे असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर? मी म्हटलं, "नाय."

त्या "नाय"वर ताईला झटक्यांची नेहमीची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी पुढे समजावलं ते असं — तिच्या आजारात पेशींना ताकदच पुरत नाही, आणि मेंदूला तर ती सगळ्यात जास्त लागते. बघितलेल्याचा मेळ बसवणारा मेंदूचा मागचा भाग आधीच दुखावला होता — म्हणून ते वाकडे डोळे. अशा आजारात ती गोळी टाळतात. ती घेऊन ताई खालावत गेली. माझ्या लेकीचं नावसुद्धा विसरली — जिला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं.

मी आईचं सांगितलं ते लेकीचं लग्न लागल्यावर. तेही कसं? "आत्ता आठवलं हो, डॉक्टर." शी! तेव्हाही खोटंच. हा आजार आईकडून सगळ्याच लेकरांत उतरतो, म्हणजे माझ्यात असेल, लेकीतही असेल, हे डॉक्टरांकडून तेव्हा कळलं. मला तिथेच, ताईसमोर, रडू फुटलं.

ताईने — माझ्या गुणाच्या ताईने — पदर माझ्या डोळ्यांना लावला. "रडू नको गो. इसरलीस तर काय झालं? मी नाय का इसरत?"