मगननानांची टांगती गादी

नाव: मगन झिपरू महाले. वय: सरकारी कागदांप्रमाणे सत्तावन्न, गुडघ्यांप्रमाणे बरंच पुढे. ओळखीची खूण: उजव्या खांद्यावर हमालीच्या हुकाचा जुना व्रण. हुद्दा: रात्रपाळी सुरक्षा प्रतिनिधी (हंगामी). कार्यक्षेत्र: धुळे-शिंदखेडा रस्त्यालगतच्या एका जिनिंग कारखान्याचे संपूर्ण आवार, त्यातील कापूस, सरकी, रुईच्या गाठी व तत्सम ज्वालाग्राही मालासह. साधनसामग्री: शिट्टी एक, काठी एक, बॅटरी एक (सेल स्वखर्चाने). शयनव्यवस्था: निरंक, सदर प्रतिनिधीने रात्री झोपणे अपेक्षित नाही.

एवढा हुद्दा ऐकून समोर कोणी धिप्पाड माणूस येईल असं वाटतं. येतात ते मगननाना: किडकिडीत, कानाला मफलर, आणि चालताना उजवा खांदा असा खाली पडलेला की त्याच्यावर अजून एखादी गाठ आहे असं वाटावं. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी याच आवारात हमाली केली. खांदा गेला तेव्हा शेठनी त्यांना काढून टाकलं नाही, सुरक्षा प्रतिनिधी केलं. ज्या मालाखाली खांदा गेला त्याच मालाची राखण. नानांना यात काही वावगं वाटलं नाही. हंगाम दिवाळीला सुरू होतो, होळीला संपतो. तेवढं निभावलं की पुढच्या दिवाळीला पुन्हा बोलावणं येतं. या वयात बोलावणं येणं हीच मोठी गोष्ट होती.

शयनव्यवस्था पूर्वी निरंक नव्हती. एक खाट होती. एका पहाटे शेठ अचानक आले आणि त्यांना खाटेवर माणूस दिसला. माणसाला ते काही बोलले नाहीत; खाट काढून नेली. मग नाना जमिनीवर टेकू लागले. पण आवारात सरकीचे ढीग, सरकीत उंदीर, आणि उंदरांच्या मागे जे लांबट येतं त्याचं नाव नाना अंधार पडल्यावर घेत नसत. प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांनी एक हंगाम काढला, तेव्हापासून त्यांची कंबरही खांद्याच्या बाजूला गेली.

गेल्या दिवाळीत शेठचे चिरंजीव आकाश पुण्याहून शिकून परत आले. त्यांना डोंगर चढण्याचा नाद. त्यांनी नानांची खुर्ची पाहिली, गाडीच्या डिकीतून मुठीत मावेल असं एक गाठोडं काढलं आणि वजनकाट्याच्या शेडच्या दोन खांबांमध्ये ते बांधून दाखवलं.

"नाना, हा हॅमॉक. यात दोन माणसं झोपली तरी तुटत नाही."

"मंग दुसरा कोन येस आठे झोपाले?" नाना म्हणाले. पण आत बसून पाहिलं. अंगाला कुठेच काही टोचत नव्हतं. उंदीर खाली, नाना वर. फेरी मारायची, जरा टेकायचं, पुन्हा फेरी. हॅमॉक हा शब्द मात्र त्यांनी एकदाही उच्चारला नाही. ते त्याला झोयी म्हणत, जशी लहान पोराची असते तशी.

दिवाळीपासून नोव्हेंबरभर नाना सुखात होते. डिसेंबर उजाडला आणि धुळ्याचा पारा पेपरात आला. दरवर्षी येतो. थंड हवेच्या ठिकाणांपेक्षा आपण थंड, असं लोक चहाच्या गाडीवर अशा थाटात सांगतात की जणू ती महापालिकेची कामगिरी आहे. खान्देशची थंडी पाहुण्यांना खरी वाटत नाही, कारण त्यांनी इथला मे महिना पाहिलेला असतो.

नानांनी झोयीत एक गोधडी अंथरली, एक पांघरली. वरून बरं होतं. खालून मात्र बर्फाच्या लादीवर निजल्यासारखं. अंगाखालची गोधडी अंगाच्या वजनानं दबून पापड होई, त्या पापडाखाली कापडाचा एक पातळ पदर, आणि त्याच्याखाली शिंदखेड्याकडून येणारं मोकळं वारं. त्यांनी दोन्ही गोधड्या खाली घेतल्या. दोन पापड झाले, आणि वरून उघडे पडले. बारदान घालून पाहिलं, ते टोचलं. थर्माकोलचा तुकडा घातला, तो पहिल्या कुशीलाच मोडला आणि सकाळपर्यंत त्याचे दाणे कानात निघाले.

दुसऱ्या कुठल्याही राखणदारानं शेकोटी केली असती. इथे बिडीसुद्धा गेटावर जमा करावी लागते. आत येणाऱ्या गाड्यांच्या सायलेन्सरला जाळी लावतात. चहा थर्मासमधून, आणि तो पहिल्या फेरीलाच संपलेला. नानांच्या चहूबाजूंना, शेडच्या पत्र्यापर्यंत, कापूस होता. पांढरा, फुगलेला, दिवसभराचं ऊन पिऊन बसलेला. हात घातला तर कोपरापर्यंत ऊब लागे. त्यात शिरून नुसतं पडलं असतं तर थंडी नावाची गोष्ट संपली असती.

पण नाना हात घालत नसत. त्यांच्या आधी इथे चिंधा नावाचा राखणदार होता. तो रोज रात्री कापसात झोपे आणि सकाळी गोधडी बगलेत मारून घरी जाई. गोधडी जाताना येतानापेक्षा जराशी जाड असे. दोन हंगामांनी त्याच्या घरी गादी, लोड आणि तक्के झाले, तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. चिंधा गेला, आणि जाताना झटकणी सोडून गेला. तेव्हापासून रोज सकाळी राखणदारानं गेटावर ताडपत्रीवर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर आपलं अंथरूण, पांघरूण, टोपी, मफलर झटकायचं. ताडपत्रीवर कापूस पडला तर संपलं. व्यवस्थापक प्रेमराज वयानं नानांहून लहान. बोलायला अदबशीर. पण त्यानं एकदाच सांगून ठेवलं होतं: "नाना, तुमच्या अंगावर ज्या दिवशी बोंडभर कापूस दिसला, त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहणार नाही. गेटाकडे पाहीन."

म्हणून नाना झटकत. कानाच्या पाळ्यांमागेही हात फिरवत. रोजच्या झटकण्यानं गोधड्या विरल्या होत्या; त्यांच्या शिवणीतून आता पलीकडचा प्रेमराज दिसे.

डिसेंबरच्या मध्याला खोकला लागला. प्रेमराज म्हणाला, "राखणदार खोकतो कुठे हे कळलं की चोराला बाकी कुठे जायचं ते कळतं, नाना. बघा काहीतरी." हे तो चेष्टेनं म्हणाला की कसं, ते नानांना कळलं नाही. पण पुढच्या दिवाळीचं बोलावणं आपल्या छातीत अडकलंय, एवढं कळलं.

घरी पुष्पाबाईंना ते आधीच कळलं होतं.

"तुम्ही तठे राखण करतस का नुसता खोकतस?"

"खालून हिव येस," नाना म्हणाले. "वरून कितलं बी पांघरा."

पुष्पाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मांगला साल नातूले झोयीमा निजाडं, तवय मी काय करं होतं?"

"काय करं होतं?"

"बाप रे माणूस! घरमा होता ना तुम्ही?"

त्यांनी केलं होतं ते असं. झोळीच्या आत कितीही मऊ घातलं तरी पोराच्या वजनानं ते दबतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी झोळीच्या बाहेर, खालच्या अंगानं, जुन्या शालीची घडी चार दोऱ्यांनी सैलसर टांगली होती. दबायला वर कोणी नाही, म्हणून घडी फुगलेली राहते. वारं तिच्यावर आपटतं आणि पोर झोपतं. आता पोराच्या जागी पोराचा आजोबा होता. शालीनं भागणार नव्हतं.

घरात गादी एकच. नाना रात्री कामावर असल्यानं ती पुष्पाबाईंची. त्यांनी ती उसवली. आतला कापूस जुना, गोळे झालेला, मळलेल्या कणकेसारखा. तो त्यांनी शिंदखेड्याच्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणला, दोन जुन्या लुगड्यांत पातळ भरला, आडवे-उभे टाके घातले आणि चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या.

"अन् तू कशावर निजशी?" नानांनी विचारलं.

"मी काय टांगेल शे का? मना खाले जमीन शे," पुष्पाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी नाना ती वस्तू सायकलला बांधून आत घेऊन गेले. संध्याकाळी गेटावर कोणी काही तपासत नाही. जिनिंगमध्ये कोणी चोरून कापूस आणेल, ही कल्पना आजवर कोणाच्याही मनात आलेली नव्हती. त्यांनी ती झोयीखाली बोटभर अंतर राखून टांगली, आत पडले, आणि जरा वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की आपण थंडीची वाट पाहतोय आणि ती येत नाही. त्या रात्रीच्या सगळ्या फेऱ्या त्यांनी मारल्या. फक्त प्रत्येक फेरीनंतर ते परत येत ते जरा घाईनं.

सकाळी ताडपत्रीवर उभे राहिले तेव्हा नाना बऱ्याच दिवसांनी ताजेतवाने होते, आणि त्या भरात त्यांनी विचार केलेला नव्हता.

"झटका, नाना," प्रेमराज रोजच्यासारखा मोबाइलमधून मान न काढता म्हणाला.

नानांनी टोपी झटकली, मफलर झटकला, गोधड्या झटकल्या. मग ती गादी उचलली, आणि ती काही झटकली जाईना. फडफडायच्या ऐवजी ती धप्प धप्प वाजली. प्रेमराजनं मान वर केली.

"हे काय?"

"गादी."

"आत काय आहे?"

नानांना 'आत चिंध्या आहेत' म्हणता आलं असतं. पण तोंडून खरं निघून गेलं. "कापूस."

गेटावरचे दोन हमाल हसले, मग प्रेमराजचा चेहरा पाहून हसायचे थांबले.

"कोणाचा?"

"मना घरना. पुष्पीनी गादी उसवी त्याना."

"काल आत येताना कोणी पाहिली?"

कोणीच पाहिली नव्हती. प्रेमराजनं एका कोपऱ्याचा टाका उसवला. जुन्या गादीतला कापूस पिवळट गोळ्यांचा असतो हे त्यालाही माहीत होतं. बोटाला लागला तो पांढरा, मोकळा, बगळ्याच्या पिसासारखा.

"पिंजेल शे, म्हनीसन असा दिखस," नाना म्हणाले.

"पिंजाऱ्याची पावती?"

"पिंजारी पावती देस का, प्रेमराजभाऊ?"

प्रेमराजनं मोबाइल खिशात ठेवला. मग आवाज खाली आणून तोही आपल्या बोलीवर आला. "नाना, माले ठाऊक शे तुम्ही चोर नहीत. बठ्ठास्ले ठाऊक शे. पन चिंधा बी आठेच उभा राहीसन हाईच सांगे. मी काय करू?"

नानांना पाय दुखत असल्याची जाणीव झाली. रात्रभराच्या फेऱ्या झाल्या होत्या, चहा झाला नव्हता, आणि आपण चोर आहोत की नाही हे ठरेपर्यंत ताडपत्रीवरून हलता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत आपण कापसाला हात लावला नाही, हे सांगावं असं त्यांना वाटलं. पण ते सांगायलाही खोकला आवरावा लागला असता.

तेवढ्यात आकाश आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग गादी हातात घेतली, नाड्या पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ही तर हॅमॉकखाली बांधायची रजई! पुण्यात दुकानात असते, फार महाग असते. कोणी बनवली?"

"आमची बाईनी."

"सॉलिड!" आकाशनी फोटो काढला. हमालांना वाटलं, सुटले नाना. नानांनाही वाटलं. त्यांनी गादी परत घ्यायला हात पुढे केला.

"पण नाना," आकाश म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटत होतं हे दिसत होतं, "ही बाहेर नेऊ दिली तर उद्या प्रत्येक जण आत गादी आणेल. आणि रोज संध्याकाळी-सकाळी आम्ही गाद्यांची वजनं करत बसायचं का? प्रेमराजभाऊ, काहीतरी लेखी काढा."

प्रेमराजनं लेखी काढलं. त्याला लेखी काढायची सवय होती आणि दयाही होती. दोन्ही त्या कागदात उतरल्या. "सदर गादीसदृश वस्तूतील कापसाचे मूळ निश्चित करता येत नसल्याने ती आवाराबाहेर नेण्यास मनाई करण्यात येत आहे. हंगाम संपेपर्यंत सदर वस्तू रात्रपाळी सुरक्षा प्रतिनिधी यांच्या ताब्यात राहील. त्यांनी ती जमिनीपासून उंच, टांगलेल्या स्थितीत ठेवून तिची रात्रभर जातीने निगा राखावी. सदर प्रकरणी प्रतिनिधींवर कोणताही ठपका नाही."

शेवटचं वाक्य प्रेमराजनं मोठ्यानं दोनदा वाचलं. मग नाना घरी गेले.

पुष्पाबाईंनी सायकलच्या कॅरिअरकडे पाहिलं. "गादी कोठे शे?"

नानांनी सांगितलं. कागदात काय लिहिलंय तेही सांगितलं. ठपका नाही, हे जरा ठासून सांगितलं.

"म्हणजे होळीलोंग ती तठेच?"

"हां."

"मनी गादी मनाच घर येवाले चोर व्हस," पुष्पाबाई म्हणाल्या. रागानं नाही, ज्वारी निवडता निवडता खडा बाजूला टाकावा तसं. "बरं. निजा आते. डोया लाल व्हयनात."

नानांनी आपल्या दोन्ही गोधड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. आता त्यांची तिकडे फारशी गरज नव्हती, आणि त्या गेटातून बाहेर येऊ शकत होत्या. पुष्पाबाईंनी एक उचलून उन्हासमोर धरली. पलीकडचं अंगण दिसलं, कोंबडी दिसली.

"झटकी झटकी तुम्ही हाईना मच्छरदाणी करी टाकी," त्या म्हणाल्या, आणि घडी घालून ठेवली.

पुढचे सगळे दिवस नानांनी आदेशाचं पालन केलं. सदर वस्तू जमिनीपासून उंच टांगली, तिची रात्रभर जातीने निगा राखली. प्रेमराजनं मग पुढच्या दिवाळीबद्दल आपणहून विषय काढला आणि येताय ना, असं विचारलं. नाना हो म्हणाले.

त्यांचा खोकला आठवड्यात गेला. संक्रांतीनंतर पुष्पाबाईंना लागला.