‘चीरा’ या शब्दाची अटक

मी सातवी इयत्तेपर्यंतच शाळेत गेलो, हे भिवंडीच्या कोर्टाबाहेर माझ्या टेबलापाशी येणाऱ्या पक्षकारांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. माझ्या अर्जांची भाषा वाचून तशी शंका येणे शक्यही नव्हते. भाषा मला शाळेने दिल्या नाहीत. त्या टेबलापाशी चालत आल्या. माणूस तक्रार मोडक्या हिंदीत सुरू करतो, पण दुःखाच्या मुद्द्यावर आला की आपल्या घरच्या बोलीवर उतरतो, आणि माझ्यासारख्या, लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाला नेमका तोच मुद्दा लिहायचा असतो. अशा रीतीने आगरी, कोकणी मुसलमानांची बोली, उर्दू, गुजराती, भोजपुरी आणि यंत्रमागांवर आलेल्या तेलंगणच्या विणकरांची तेलुगू मला अवगत झाली. त्यांपैकी तेलुगू सर्वांत कच्ची होती, हे इथेच नमूद करतो.

ऐंशीचे दशक सरत आले होते. दंगलीनंतरच्या त्या काळात आमच्या गावात पोलीस आणि माणसे एकमेकांकडे बिचकूनच पाहत. रस्त्यावर कोणी जरा मोठ्याने ओरडले तरी दुकानांची शटरे निम्मी खाली येत. अशाच एका उन्हाळी दुपारी ठाण्यातला हवालदार माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“चला, साहेबांनी बोलावलंय. तुम्हाला मद्राशी येतं ना?”

“मद्राशी नावाची भाषा नाही,” मी म्हणालो.

“नसू दे. चला.”

ठाण्यात एक तरुण विणकर भिंतीशी उकिडवा बसला होता. सदऱ्यावर वाळलेले रक्त, एका बोटाला चिंधी. समोरच्या बाकावर त्याच्या चाळीची मालकीण बसली होती. तक्रार तिचीच होती. त्याच्या बायकोचा सकाळपासून पत्ता नव्हता. चाळीतले त्याचे सोबती पोलीस दिसताच पांगले होते आणि त्याला स्वतःला ‘चालू करो’, ‘बंद करो’ एवढीच मागापुरती हिंदी येत होती.

“राती लय वरडत व्हती पोरगी,” मालकीण मला म्हणाली. “सकाली बगलं तं न्हाय. यानंच मारलीय तिला.” आणि तिने पदर तोंडाला लावला.

“कबूल झालाय,” हवालदार म्हणाला. “‘तूने मारा?’ विचारलं की मान हलवतो. वर ‘चीरा, ऊर, चीरा, ऊर’ करतो. उरात चीरा घातला, असं सरळ सांगतोय. प्रेत कुठं टाकलं तेवढं बोलत नाही. दोन शिपाई खाडीवर पाठवलेत.”

“तेवढं वदवून घ्या,” फौजदार मला म्हणाले. “संध्याकाळच्या आत खुनाचा गुन्हा दाखल करतो.”

मी त्या माणसासमोर बसलो आणि काय झाले ते तेलुगूत विचारले. त्याने झटकन मान वर केली. एका दमात तो म्हणाला, “चीरा कोसम् ऊरिकि पोयिंदि. तप्पु नादे.”

मी उठून उभा राहिलो. असे काही उभ्यानेच सांगावे, असा माझा रिवाज आहे. “साहेब, तेलुगूत चीरा म्हणजे साडी. ऊरु म्हणजे गाव. साडीपायी ती गावाला गेली, चूक माझीच, असं हा म्हणतो आहे. खुनाचा यात एकही शब्द नाही.”

“आणि हे रक्त?”

मी विचारले. त्याने चिंधीचे बोट वर केले. मागावर सूत नेणारा धोटा उडून लागला होता.

फौजदारांनी माझ्याकडे बोट रोखले. “अर्जनवीस, बाई मेलेली निघाली तर हा तुमचा अर्थ तुमच्या गळ्यात घालीन.”

“अवश्य,” मी म्हणालो. पण त्याच क्षणी एक शब्द खटकला. ‘पोयिंदि’ म्हणजे गेली. आपण मराठीत मेलेल्यालाही ‘गेला’ म्हणतो. तेलुगूतही तसेच म्हणतात. हे मला वाक्याचा अर्थ सांगून झाल्यावर आठवले.

कोणते गाव, असे मी घाईने विचारले. “अक्का ऊरु,” तो म्हणाला. अक्का तेलुगूतही थोरली बहीणच. बायकोची ही बहीण पडघ्याला राहते, हे पुढच्या प्रश्नात कळले.

जीपमध्ये हवालदार, मी आणि ‘मी बी येतंय’ म्हणून चढून बसलेली मालकीण. नाशिक रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती आणि जीप दर थोड्या वेळाने थांबत होती. मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा उलटत होतो. गावाला गेली. गावाला जाऊन गेली. गावाला जायला निघाली आणि गेली. एवढ्या भाषा शिकून मी एका क्रियापदावर एका माणसाचा जीव ठेवला होता.

“काय पुटपुटताय?” हवालदार म्हणाला. “जामिनाचा अर्ज? तुमच्याच नावानं लिहून ठेवा.”

पडघ्याच्या बाजारामागे बहिणीची खोली सापडली. दारात एक मुलगी तांदूळ निवडत बसली होती. खाकी कपडे दिसताच तिने मांडीवरची नवी साडी पाठीमागे दडवली आणि रडत तेलुगूत बोलू लागली, की चोरलेली नाही, अक्काने दिली आहे. मी ते मराठीत सांगेपर्यंत मालकिणीने तिच्या पाठीत एक धपाटा घालून तिला कवटाळले होते.

“मेली न्हायस व्हय गं, भवाने!”

हवालदाराने टोपी काढून कपाळ पुसले.

आम्ही मुलीला घेऊन परतलो. तिला पाहून तो विणकर उठला, पण तिच्याजवळ न जाता माझ्याकडे वळला आणि फौजदारांकडे बोट करून काही विचारू लागला. ते मला दोनदा ऐकावे लागले. बायकोला साडी घेतली नाही म्हणून तिने फिर्याद केली आणि त्यासाठी आपल्याला पकडले, अशी त्याची सकाळपासून समजूत होती. म्हणूनच तो प्रत्येक प्रश्नाला मान हलवीत होता.

“काय म्हणतो?” फौजदारांनी विचारले.

“साहेब, साडी घेण्यास मुदत किती, अशी विचारणा आहे.”

फौजदारांनी आधी मुलीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. चेहरा हलू न देता ते म्हणाले, “दसरा.”

मुदतीला तेलुगूत काय म्हणतात ते मला येत नव्हते. पण दसरा त्याला थेट कळला. त्याने हात जोडले. मुलीलाही तो कळला होता. दसऱ्याला अजून किती महिने आहेत, असे ती तिथल्या तिथे बोटांवर मोजून त्याला ऐकवू लागली. तोही आता आवाज चढवून उत्तर देऊ लागला, आणि हवालदाराने दोघांना भांडत भांडतच ठाण्याबाहेर काढले.