विमलबाईंच्या ओसरीवरचं झाड

विमलबाई गेल्याचं सुनेनं सांगितलं तेव्हा मी भाकर थापत होते. थापतच राहिले... भाकर पार फाटली. पिंपळगाव राजा या गावी नवरी होऊन आले तेव्हापासून समोरच्या दारात सकाळी पहिलं तोंड दिसायचं ते त्यांचंच.

तरुणपणी मी फार शहाणी होते. माहेरी लोणारला मामा झाडपाल्याची औषधं द्यायचा. त्याची पिशवी धरून मागं हिंडले, एवढंच माझं शिक्षण. पण गल्लीत कुठलंही पान निघालं की नाव मीच सांगणार. विमलबाईंच्या लेकीनं नांदुऱ्याहून जाड पानांचं एक झाड आणून ओसरीवर ठेवलं. नाव तिलाही ठाऊक नव्हतं. बाया जमल्या. मी पान चुरगळलं, हुंगलं, डोळे मिटले (डोळे कशाला मिटले कोण जाणे) आणि सांगून टाकलं, ही पानफुटी, मूतखड्यावरचं औषध.

सासूबाईंना पटेना. खरी पानफुटी असली तर पान दोऱ्यानं भिंतीला टांगलं तरी कडेला कोंब फुटतात, हे सगळ्यांनाच माहीत. ओसरीवर पान टांगलं. ते सुकत चाललं, तसं माझं तोंडही. सासूबाई म्हणाल्या, "वैदीणबाई, मामाले बोलावू का आता?" आणि एका सकाळी पानाच्या कडेला हिरवे टिपके दिसले. त्या दिवशी मी गल्लीतून अशी चालले, जणू कोंब मलाच फुटले होते. पुढं कितीतरी वर्षं खड्याचं दुखणं घेऊन कोणी आलं की मी विमलबाईंकडे धाडायचे. पान त्या द्यायच्या, नाव माझं व्हायचं.

तेरवीनंतर शेजारची कमल पान मागायला आली. मी ओसरीवरच्या झाडाला हात घातला, तशी विमलबाईंची सून रेखा धावत आली. "नंदाकाकू, ते नका देऊ. आई कोणालेच देत नव्हत्या ते." तिनं मला परसात नेलं. न्हाणीमागं एका जुन्या डब्यात खरी पानफुटी होती. विमलबाईंनी ती तेव्हाच कुठूनशी मागून आणली, टांगलेलं पान बदललं आणि जन्मभर त्या डब्यातलीच पानं दिली. रेखाला सांगून ठेवलं होतं, "नंदाले कोणी हसू नये, अन् कोणाच्या पोटात भलतं जाऊ नये."

मी तिथंच न्हाणीच्या दगडावर बसले. कोणाला गुण आला की नाही, मी कधी विचारलंही नव्हतं. आणि याच बाईला मी एकदा चारचौघींत म्हणाले होते, विमलबाई, तुमाले झाडातलं काही कळत नाही. त्या हसल्या होत्या. "हाव नं माय," म्हणाल्या होत्या...

नातीनं ओसरीवरच्या झाडाचा मोबाइलवर फोटो काढला. मोबाइल दर वेळी वेगळंच नाव सांगतो, तेही अगदी ठासून. माझ्याच वळणावर गेलाय.

परवा कमल पुन्हा आली. परसातलं पान घेऊन निघताना ओसरीवर थांबली. "अन् हे कायचं झाड होय, नंदाबाई?" समोरच्या बायाही हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. मी पानाला हात लावला नाही.

"मले नाही माहीत," म्हणाले. "तवाबी नव्हतं."