मेणावरची हळद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्यापासून काही लपवणं सोपं नाही, बाहेर शवर्मा खाल्ला तरी वासावरून पकडते. पण त्या उन्हाळ्यात ती मुलांना घेऊन गावी गेली होती. आणि मी दुबईत, करामा भागातल्या फ्लॅटमध्ये एकटा, राजा.

तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. एका जागी बसवत नाही, एवढं खरं. हे लिहितानाही मध्येच उठून बाल्कनीत जाऊन आलो.

आधी माझी बढाई ऐका. आमच्या बिल्डिंगमध्ये मला 'झाडवाले' म्हणतात. कधीतरी कुणाच्या मनीप्लांटची बाटली बदलून दिली, तो जगला, खलास — तेव्हापासून सुट्टीला जाताना लोक कुंड्या माझ्याकडे आणून ठेवतात. मी पान उलटं करून बघतो, "सॉइल जरा हेवी आहे" असं पुटपुटतो. खरं सांगू? मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये शिरीष आणि वंदनावहिनी. वहिनींचा युक्का हॉलच्या कोपऱ्यात छताला टेकलेला. तलवारीसारखी पानं — पाहुणे सोफ्यावर अंग चोरून बसायचे. मग वहिनी आजारी पडल्या, पुण्यात ऑपरेशन ठरलं. जायच्या आधी त्यांनी काय करावं? युक्का मधोमध कापला. शेंडा दुसऱ्या कुंडीत रोवला, तो काही धरला नाही. उरली नुसती काठी, एकही पान नसलेली. कापावर त्यांनी हळद चेपली, आपण जखमेवर चेपतो तशी, आणि कुंडी माझ्या हवाली केली.

"भावजी, हिला बाजूने कोंब फुटतो. फुटला की मला दाखवा," म्हणाल्या. "आणि मातीत बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. बोट कोरडं आलं तरच."

मी म्हटलं, वहिनी, आता झाडवाल्याला तुम्ही शिकवणार? त्या हसल्या. शिरीष नाही हसला. तो काठीकडे बघत होता.

हं. तर ते बोट. बोट खुपसायला वाकावं लागतं, आठवण ठेवावी लागते. त्यापेक्षा माझ्या डोक्यातून एक आयडिया निघाली. बाल्कनीत एसीचं पाणी नळीतून बादलीत ठिबकतं, ती बादली ओतायचा मला कंटाळा. मी नळी सरळ कुंडीत सोडली. बाहेर भट्टी पेटलेली आणि वहिनींच्या काठीला दिवसरात्र गार पाणी! ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटलो. एकानेही विचारलं नाही की बाबा, हे वाळवंटातलं झाड, त्याला एवढं पाणी कशाला?

एक दिवस कुंडी जरा सरकवायला काठी धरली, तर साल हातात आली. आतून लिबलिबीत, पिकून गेलेल्या केळ्यासारखी. आणि वास — तो राहू द्या.

त्याच आठवड्यात शिरीषचा व्हिडिओ कॉल आला. ऑपरेशन मनासारखं झालं नव्हतं. त्याने फोन वहिनींपुढे धरला. त्या एवढ्याशा झाल्या होत्या.

"फुटला का हो, भावजी?"

"फुटतोय," मी म्हणालो.

का म्हणालो? आजारी बाईला बरं वाटावं म्हणून — असं म्हणता येईल. बरीच वर्षं मी स्वतःला तेच म्हणत आलो. पण तोंड उघडलं तेव्हा मनात वहिनी नव्हत्याच. मनात होतं, झाडवाल्याची अब्रू गेली.

"मग उद्या दाखवा," त्या म्हणाल्या.

यल्ला, चला, म्हणत धावलो. कुंड्यांच्या दुकानांतून हिंडून तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच उंचीची काठी शोधली, कोंब आलेली. दुकानदार म्हणाला, "हबीबी, ये नहीं मरेगा." घरी आणून वहिनींच्या कुंडीत बसवली. आणि बघतो तर वरच्या कापावर हिरवं मेण! परदेशातून येणाऱ्या काठ्यांना ते लावूनच पाठवतात. खरवडलं, निघेना. हळद चोपडली, मेणावर हळद टिकेना. शेवटी तेलात कालवून थापली. हात पिवळे, ओटा पिवळा, आणि मी आरशापुढे "बघा वहिनी, कसा छान फुटलाय" याची तालीम करतोय. हसा. हसण्यासारखंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी फोन कोंबापाशी नेला. वहिनी खूप वेळ बघत राहिल्या. मग शिरीषला म्हणाल्या, "बघा. मी म्हणत होते ना, ही जगली तर मीही उठेन."

हे मला माहीत नव्हतं. पण माहीत झाल्यावर तरी मी काय केलं? कोंब नीट दिसावा म्हणून लाइट लावला.

त्या उठल्या नाहीत.

शिरीष एकटा परत आला आणि कुंडी घेऊन गेला. काही वर्षांत तो युक्का पुन्हा छतापर्यंत पोचला. गेल्या महिन्यात एका रविवारी त्याने हाक मारली — ये, कापायचाय, तू लागशील. मी कुंडी धरली. तो जुन्या कापावरून अंगठा फिरवत होता, तर वाळलेल्या हळदीचा पापुद्रा सुटला. खाली हिरवं.

मी कुंडी दोन्ही हातांनी आवळली. त्याला वाटलं, जड झाली.

"हे बघ," तो म्हणाला, "हिने आत मेणसुद्धा लावलं होतं. केवढी काळजी. मला बोललीच नाही कधी."

मग त्याने मेणबत्ती पेटवून आणली. नव्या कापावर मेण ओतलं, वर हळद चेपली, ती टिकेना म्हणून मेण ओलं असताना पुन्हा चेपली. कापलेल्या भागाचे त्याने दोन तुकडे केले. एक शारजात राहणाऱ्या त्याच्या मुलीला द्यायचा, आईची आठवण म्हणून. दुसरा त्याने माझ्या हातात ठेवला.

"हा तुझा. तू जगवलंस तिचं झाड."

मी घेतला. घेताना 'थँक्स' म्हणालो.

तो तुकडा आता माझ्या बाल्कनीत, कुंडीत आहे. एसीची नळी मी केव्हाच दुसरीकडे वळवली आहे. दिवसातून किती वेळा उठतो, मातीत बोट खुपसतो. आत्ताही खुपसून आलो. कोरडं आलं, पाणी घातलं.

फुटला का, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरत नाही. शिरीष रोज लिफ्टपाशी भेटतो. रोज विचारतो.