मागल्या दाराची लाइन

मी मामीची रील केलेली, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी दुसऱ्यानं सांगायला नको.

उंब्रजला मामाच्या मागल्या दारी धुण्याचं मशीन हाय. त्यातनं धुतलेले कपडे काढताना मामी "आई गं!" करून हात झटकायची. ते मी मागच्या उन्हाळ्यात शूट केलं, त्याला ढोलकी लावली आन् घरच्या ग्रुपवर टाकलं. लय हसले सगळे. मामी चार वर्षं सांगत व्हती, मशीन चावतंय. मामा मिल्ट्रीतनं रिटायर झालेला, तो म्हणायचा, "मशीनला दात हायेत व्हय?" एकदा सगळ्यांसमोर त्यानं मशीनच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवले, चांगले मिनिटभर. "कुठाय करंट? काम नको म्हणून नाटकं." मग मी पण ठेवले. मला पण काय लागलं न्हाई. रील त्याच दिवशीची.

यंदा विश्रामबागच्या कॉलेजातनं माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला आन् मामाचाच फोन आला. "घरची इंजिनेर असताना बाहेरच्याला कशाला बोलवू? आपली फ्यूजची पेटी काढ, नवीन बसव." मी हवेतच! माझं पयलं स्वतःचं काम!

जुन्या पेटीत चिनीमातीच्या फ्यूजा, आन् त्यात मामानं स्वतः भरलेले तारेचे जाडजूड वेढे. "एकदा पण उडली न्हाई बघ," असं अभिमानानं सांगत व्हता. हिरव्या अर्थिंगच्या वायरी तर नुसत्याच लोंबत व्हत्या, कशालाच जोडलेल्या न्हाईत. "त्येचं काय काम नसतं गं." मी गुमान जोडल्या. अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा घेतला. दर लाइनला एक खटका, आन् सगळ्यांच्या वर एक मेन खटका. करंट कुठं गळायला लागला की हा मेन आपोआप पडतो.

मग टेस्टिंग. मी बोर्डापाशी, मामा घरभर फिरत ओरडणार.

"हॉल?"

"आला!"

"माडी?"

"फॅन फिरतोय! वा रं वा, भाची!"

स्वयंपाकघर पण आलं. शेवटचं मागलं दार. मी खटका वर केला आन् खट! मेन पडला, अख्खं घर बंद.

"आयला, तुझ्या खोक्यातच खोट हाय," मामा तिकडनंच ओरडला. "जुनी पेटी बरी व्हती."

वायरी मी आधी मीटरनं तपासल्या व्हत्या, सगळ्या ठीक. मशीनची पिन काढून बघितली, तर मेन टिकला, तिथला बल्ब पण लागला. पिन घातली, बटन दाबलं, खट. परत काढली, परत घातली. खट. तीनदा केलं.

"मामा, मशीनच्या आतनं करंट गळतोय. पत्र्यावर येतोय. मामी खरं बोलत व्हती."

"मग मला कसा लागला न्हाई?"

मी त्याच्या पायांकडं बघितलं. मागल्या दारी आला की घालतो ती रबरी चप्पल. त्या दिवशी माझ्या पायात बूट व्हते. मामी मात्र कायम अनवाणी, कारण मागल्या दारापासनं दोन पावलांवर स्वयंपाकघर आन् तिथंच देव्हारा. आजीचा नियम, चपलेनं आत यायचं न्हाई. कुकर, दूध, धुणं, दिवसात मामीच्या पन्नास येरझाऱ्या. दरवेळी चप्पल कोण काढणार आन् घालणार? ओली फरशी, ओले हात, उघडे पाय. आमी सगळ्यांनी मशीन तपासलं व्हतं, फक्त तिच्यासारखं उभं राहून कुणी तपासलं नव्हतं.

मामी दारातच उभी व्हती. म्हणाली, "आवं, आता चप्पल काढून हात लावा की. दात हायेत का बघा."

आता लागलं तरी मेन लगेच पडणार, एवढं मी मामाला सांगितलं पण. त्यानं हात लावला न्हाई. माझ्याकडं वळून म्हणाला, "ही लाइन त्या मेनमधनं काढ. डायरेक्ट दे. धुणं खोळंबलंय."

"न्हाई मामा. मशीन दुरुस्त करू. असं दिलं तर माणूस मरंल."

"पाच वर्षांत मेली का?"

देव्हाऱ्यापाशी बसलेली आजी हसली. खरंच हसली.

मामी आत गेली ती उसाचा कोयता घेऊन आली. मशीनची पिन काढली, वायर उंबऱ्यावर ठेवली आन् एकच घाव घातला. पिनेचा तुकडा उडून माझ्या पायापाशी आला.

"आता द्या डायरेक्ट."

मामाचं तोंड लालबुंद. "धू मग हातानं! जन्मभर धू! कुणी दुरुस्त करायचं न्हाई त्ये मशीन, सांगून ठेवतो!"

"धुते. दगड चावत न्हाई."

घरी येऊन मी रील डिलीट केली. पण माझ्याच फोनमधनं गेली, बाकीच्यांकडं हाय अजून.

परवा गेले तवा मशीनवर वाळल्या मिरच्यांचं सूप ठेवलं व्हतं, वायर तुटकीच. पावणे बसलेले, मागनं कपडे आपटल्याचा आवाज येत व्हता. एका पावण्यानं विचारलंच, मशीन घेतलं न्हाई का अजून?

मामा चहाचा घोट घेत म्हणाला, "हाय की वो, पाच वर्षं झाली. पर हिला हातानंच धुवायची हौस."

लय हसले सगळे.