गेनबा लोहाराचा पंखा आणि वेल्ह्याची चढण

परवा वेल्ह्याच्या बाजारात एक शहाणा चारचौघांत म्हणाला, "लढाईच्या दिवसांत वेल्ह्याची मोटार चालू ऱ्हायली ती चिमाजी ड्रायव्हरामुळं." लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकंच सणकलं. अरं, चिमाजी काय करत व्हता? चाक फिरवत व्हता! मोटार चालू ठेवली ती वरव्याच्या गेनबा लोहारानं. त्याचं नाव कुठं लिवलेलं न्हाई, त्याच्या गळ्यात कुणी हार घातला न्हाई, आणि त्याच्या पुण्याईवर म्या कामथडीचा चिमाजी आजपातूर ताठ मानेनं भाकरी खातोय. म्हणून गप ऱ्हावत न्हाई. ऐका.

आधी माझं सांगतो, म्हणजे गेनबानं काय केलं ते कळंल. विहिरीच्या कामावर धोंडा पडून माझ्या डाव्या पायाची बोटं गेली. बोटं न्हाईत तर भाताच्या चिखलात उभं ऱ्हाता येत न्हाई, नांगरामागं चालता येत न्हाई. थोरले भाऊ देवमाणसं, कधी एका शब्दानं बोलले न्हाईत. पण ताटावर बसलो की माझी मान वर व्हत नसायची. मोटारीचा क्लच मात्र टाचेनं दाबता येतो. भोरच्या शरच्चंद्र वकिलांची भोर-वेल्हे सर्व्हिस मोटार व्हती, तिच्यावर म्या ड्रायव्हर झालो आणि माणसात आलो.

लढाई पेटली आणि पेट्रोल कुपनावर गेलं. मग सगळ्यांनी केलं तेच वकीलसायबांनी केलं. माझ्या जागेच्या पाठीमागं, मोटारीच्या बाहेरच्या फळीवर कणगीएवढी लोखंडी भट्टी बसवली. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस निघतो, तो काथ्या भरलेल्या डब्यातून गाळून नळीनं इंजनात जातो, आणि त्याच्यावर मोटार चालते. चालते म्हणजे काय, रडतखडत चालते. सकाळी गाडी सुटायच्या आधी अर्धा तास आग फुलवत बसायचं. आमी ड्रायव्हर कसले, कोळसेवालेच झालतो.

आणि त्यातच म्या गाढवपणा केला. एकदा रेडिएटर उकळला, म्या घाईघाईनं ओढ्याचं गार पाणी तापल्या इंजनात वतलं. टाण्णकन् आवाज झाला. इंजनाचा ब्लॉक उभा तडकला. माझ्या हातानं, कुणाच्या न्हाई.

वकीलसायबांच्या म्होरं जाऊन उभा ऱ्हायलो. वाटलं, आज आपण घरी. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "माझी टूरर गाडी पेट्रोलअभावी उभीच आहे. कोंबड्या अंडी घालतात तिच्यात. तिचं इंजिन काढा आणि मोटारीत बसवा." असा माणूस! त्यांचेही उपकार हायेत, न्हाई म्हणत न्हाई.

पण एका गाडीचं इंजन दुसऱ्या गाडीत बसवणार कोण? पुण्याचे कारखाने लढाईच्या कामात गुंतलेले. तवा म्या वरव्याला गेनबाकडं गेलो. माझ्याहून धा-बारा वर्सांनी थोरला, म्हणून आमी गेनबादादा म्हणायचो. हाडं मोठी, बोलणं थोडं. जन्मभर कोयते, विळे, नांगराचे फाळ केलेले. मोटारीचं काम बघून बघून शिकलेला. त्यानं सहा दिवसांत ते इंजन बसवलं. इंजन धरायचे पाय नव्यानं घडवले, गिअरबॉक्सला जोडायला जाड पत्र्याची चकती कातून काढली. किल्ली मारली आणि चालू झालं की!

सपाटीला झकास पळायची. पण टूरर गाडी म्हणजे चार माणसांची. तिचं इंजन एवढं धूड वढणार, तेबी कोळशाच्या गॅसवर. मार्गासनी गाव सोडलं की म्होरं चढण हाय. तिथं गाडीनं जीव टाकला म्हणूनच समजा. बाया-माणसं खाली उतरायची, पाट्या डोक्यावर घ्यायची आणि ढकलायची. एक म्हातारी मला म्हणाली, "आमी मोटारीत बसलोय का मोटार आमच्यावर बसलीय रं मुडद्या?" सगळे हसले. म्याबी हसलो, पण आतनं जळत व्हतो.

वकीलसायबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "चिमाजी, लोकांना ढकलायला लावून सर्व्हिस चालवणं मला शोभत नाही. दिवाळीपर्यंत बघू. भरल्या मोटारीनिशी चढ चढला तर ठीक, नाहीतर इंजिन परत माझ्या गाडीत आणि मोटार भंगारात." त्यांचं चुकीचं न्हवतं. पण मोटार गेली की म्या पुन्हा भावांच्या बांधावर, राखण करत बसलेला लंगडा. दिवाळीला दीड महिना व्हता.

पुन्हा गेनबाच्या दारात. त्यानं इंजन चालू करायला सांगितलं आणि वैद्यानं नाडी बघावी तसा हात लावून बघत बसला. मग म्हणाला, "इंजन वाईट न्हाई. दम कमी पडतोय. आपल्या छातीनं जेवढं वढंल तेवढंच त्याला खायला मिळतंय. पेट्रोल व्हतं तवा तेवढं पुरत व्हतं. ह्यो गॅस पातळ, ताकावानी. आता त्याला भरवाय पायजे."

"भरवायचं म्हणजे?"

"कोंबून घालायचं."

लोहाराला वारा कसा कोंबायचा ते शिकवाय लागत न्हाई. त्याच्या भट्टीवर पुण्यावरनं आणलेला लोखंडी हातपंखा व्हता, दांडा फिरवला की सूं सूं करत वारा घालणारा. अख्ख्या पंचक्रोशीत तसा पंखा कुणाकडं न्हवता, आणि गेनबाला त्याचा लई अभिमान. तोच त्यानं भट्टीवरनं उचकटला. दांडा काढून छोटी पुली बसवली, आस झिजू नये म्हणून गनमेटलचे बुश वतले, आणि इंजनाच्या म्होरल्या पुलीवरनं पट्टा घेतला. इंजन जोरात तर पंखा त्याहून जोरात.

म्या म्हणलं, "दादा, तुमची भट्टी कशी चालंल?"

"जुना कातडी भाता हाय की. ठकी वढंल."

ठकुबाई म्हणजे त्याची बायको. ती दारातनं म्हणाली, "व्हय, ठकीच वढंल. ठकीला काय मरण हाय?" पण तोंडावर हसू व्हतं.

आता गेनबानं चूक केली ती हितं. आणि ती लोहारच करणार, दुसरा कुणी न्हाई. जन्मभर त्यानं एकच केलं व्हतं, आगीला वारा घालायचा. म्हणून त्यानं पंखा लावला तो मोटारीच्या भट्टीच्या तोंडाशी. आग फुलंल, गॅस जोरात निघंल, इंजनात घुसंल. मलाबी पटलं. आमी भाताची पोती भरली, माणसांच्या वजनाएवढी, आणि दोघंच चढणीला गेलो.

काय सांगू! गाडी अशी चढाय लागली की म्या वरडलोच, "दादा, घोडं झालं, घोडं!" गेनबा माझ्या शेजारी मांडीवर हात आपटत व्हता. अर्ध्या चढाला माझं कपाळ ठणकाय लागलं. म्हणलं, ऊन लागलं असंल. म्होरल्या वळणाला मला दोन रस्ते दिसाय लागले. कंचा खरा कळंना. हात चाकावरनं गळाले ते मला आठवतंय, त्याच्या म्होरचं न्हाई.

झालं व्हतं असं की पंख्यानं आत फुंकल्यावर भट्टीच्या झाकणाच्या फटीतनं गॅस बाहेर येत व्हता, थेट माझ्या पाठीशी. त्या गॅसला वास न्हाई, रंग न्हाई. माणूस झोपतो आणि झोपूनच ऱ्हातो. गेनबाचंबी डोकं फिरलं व्हतं, तरी त्यानं चाक डोंगराच्या अंगाला वढलं, गाडी चरात घातली, मला बखोटीला धरून वाऱ्याला आणून टाकलं. डोळं उघडलं तवा हा दांडगा माणूस माझे गाल बडवत व्हता आणि लहान पोरावानी रडत व्हता. "चिमाजी, ऊठ रं. माझ्या हातनं मारलं रं तुला."

त्यानं पंखा काढला आणि तो घरात जाऊन बसला. आठ दिवस गेले. निरोप धाडला, तर उत्तर आलं, "म्या मोटारीला हात लावणार न्हाई." मला असा राग आला की विचारू नका. चुकीचा न्हाई, चूक तर म्याबी केली व्हती इंजन फोडून. राग आला तो रुसून बसण्याचा. दिवाळी तोंडावर आलेली. लंगडत लंगडत वरव्याला गेलो आणि अंगणातनंच तोंड सोडलं. "दादा, म्या मेलो असतो तर सुटलो असतो! आता जिता ठेवलाय तर नीट जगवा तरी! भावाच्या दारात बसवून मारू नका!"

गेनबा खाली मान घालून बसला. ठकुबाई भट्टीपाशी कातडी भाता वढत व्हती. तिनं दंड चोळला आणि म्हणाली, "भावजी, बसा. चिलीम वढा आधी."

म्या रागानंच चिलीम पेटवली. ती माझ्याकडं बघत व्हती. एकाएकी नवऱ्याला म्हणाली, "अवो, ह्ये भावजी चिलीम वढत्यात का फुंकत्यात?"

"काय येड्यावानी इचारतीस?"

"सांगा की! चिलमीत फुंकलं तर इस्तू तोंडावर येतोय. वढली तर धूर पोटात जातोय. तुमी त्या मोटारीच्या भट्टीत फुंकलं. फुंकल्यावर धूर बाहेरच येणार. पंखा मधी बसवा की. भट्टीतनं वढंल आणि इंजनात फुंकंल. म्या बाईमाणूस, मला कळतंय, आणि तुमी आठ दिस तोंड पाडून बसलाय!"

गेनबा तिच्याकडं बघतच ऱ्हायला. म्याबी. चिलीम माझ्या हातात विझली. मग तो उठला, कोपऱ्यातला पंखा उचलला आणि खांद्यावर घेतला. म्या ठकुबाईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "चला, उठा, नाटकं नकोत."

पंखा आता भट्टी आणि इंजनाच्या मधी बसला, गाळायच्या डब्याच्या म्होरं. पाती काजळीनं चिकटायची म्हणून डब्यात ओल्या काथ्यावर घोंगडीचा तुकडा घातला. भट्टीतनं पंखा वढणार म्हटल्यावर झाकणाला फट असली तर बाहेरचा वारा आत जाणार, गॅस बाहेर येणार न्हाई. पुन्हा पोती भरून दोनदा चढलो. डोकं ठणकलं न्हाई. तरी गेनबाच्या तोंडावरची काळजी जाईना.

दिवाळीच्या आधीचा बाजार. मोटार खच्चून भरली, बावीस माणसं. वकीलसायेब स्वतः माझ्या शेजारी. म्या म्हणलं, "दादा, तुमी म्होरं या, आज तुमचा मान हाय." तर हा बाबा मागं जाऊन भट्टीला पाठ लावून फळीवर बसला. देवळातली एक छोटी घंटी त्यानं माझ्या कानाशी टांगली, तिची दोरी आपल्या हातात ठेवली.

"ह्ये काय आणि?"

"गॅसला वास न्हाई, चिमाजी. झाकणापाशी म्या हाय. फुटला तर पहिला मला लागंल. म्या घंटी वाजवत ऱ्हातो. वाजतीया तवर चल. थांबली की गाडी उभी कर आणि माणसं उतरीव. मला नंतर बघ."

वकीलसायबांनीबी ऐकलं. ते म्होरं बघत ऱ्हायले, चष्मा काढून पुसत.

मार्गासनी सोडली. चढण लागली. पंखा सूं सूं करत व्हता, इंजन घुमत व्हतं, कानाशी घंटी टण, टण, टण. पहिलं वळण गेलं. म्या बेसुद पडलो व्हतो ते दुसरं गेलं. कुणी उतरलं न्हाई. मागनं तीच म्हातारी वरडली, "चढतीया गं बाई!" म्या चढाकडं बघत न्हवतो, सगळा जीव कानात. टण, टण. माथा आला. गाडी माथ्यावर आली आणि घंटी थांबली.

म्या ब्रेक दाबला. "उतरा! समदे उतरा!" म्हणून वरडलो आणि त्यानं सांगितलं व्हतं त्याच्या उलटं केलं. माणसं सोडून बिनबोटांच्या पायानं मागं पळालो. गेनबा फळीवर वाकून बसलेला, दोरी सुटून लोंबत व्हती. म्या त्याचे खांदे धरून गदागदा हलवले. "दादा! अवो दादा!"

त्यानं तोंडावरचे दोन्ही हात काढले. डोळं लाल, गाल काजळीनं बरबटलेले आणि भिजलेले.

"मला काय झालं न्हाई," तो म्हणाला. "चढली रं चिमाजी. डोळं पुसाय दोन्ही हात लागले."

"तुमच्या तर!" म्या त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि शिव्या देत देत रडलो. त्या मोटारीवर म्या पुढं सगळी लढाई काढली. पहिले चार महिने गेनबा आपली भट्टी सोडून रोज त्या फळीवर, झाकणाला पाठ लावून बसत व्हता.