खिंडीतून न उतरलेली गाडी

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पूली गावच्या बाजारात लो चिन-शुई चाळीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करत. कार्ब्युरेटर ते नुसत्या कानाने लावत.

एका दुपारी शू-फेन आपल्या भावाची मोटारसायकल घेऊन आली. तीन वर्षांपूर्वी तो वर खिंडीत गाडी उभी करून कड्याशी गेला आणि दरीत पडून गेला होता.

लोंनी कार्ब्युरेटरमध्ये सपाटीवर लागणारं, जास्त पेट्रोल सोडणारं मोठं जेट बसवलं, तर उंचावरच्या विरळ हवेत असल्यासारखी गाडी काळा धूर ओकू लागली. डोंगरावरचं बारीक जेट घातल्यावर मात्र ती शांत घुमली. भर उन्हात टाकी बर्फासारखी गार लागली, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं.

“पोरी, ही अजून वरचीच हवा ओढतेय; खाली उतरलेलीच नाही गं.”

“दादा तरी कुठे उतरलाय, काका? त्याच्या आत्म्याला हाक मारून घरी बोलवायला आमच्यातलं कोणी गेलंच नाही.”

दुसऱ्या सकाळी दोघं टेम्पोत गाडी घालून खिंडीत गेले. उदबत्ती लावून शू-फेनने तीनदा हाक मारली, “दादा, घरी चल!”

लो भावाची गाडी चालवत घाट उतरू लागले. अर्ध्या वाटेवर खालच्या दाट हवेत बारीक जेटचं पेट्रोल अपुरं पडून इंजिन तापलं, म्हणून त्यांनी मोठं जेट बसवलं. या वेळी धूर आला नाही.

मागून टेम्पोतून येणाऱ्या शू-फेनला त्यांच्या पाठीमागची रिकामी सीट घरापर्यंत दबलेली दिसत होती.